घोंगडीतलं अस्वल

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा डोंगरात राजाची सडक पोचली नव्हती आणि अस्वलं अधूनमधून माणसांशी बोलत असत. ऐकणारे लहान असोत की थोर, एक आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट सांगताना मला राग येतो. तो गिळून गोष्ट गोड करणं मला जमत नाही.

डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. गावाशेजारी मोहाचं रान होतं आणि ते रान एका खोल घळीत उतरत गेलेलं होतं. घळीच्या तळाशी पाणी होतं, पाण्याजवळच्या कपारींत अस्वलं राहत होती. चैत्र लागला की पहाटे मोहाची फुलं टपटप गळत. माणसं ती वेचत, अस्वलंही ती खात. प्रत्येक घराला दोन-चार झाडं नेमून दिलेली होती आणि घराचं वर्ष त्या फुलांवर निघत असे.

अस्वल दिसलं तर काय करायचं, हे त्या गावात लेकरांना बोलायच्या आधी कळत होतं. उताराच्या दिशेनं खाली पळायचं. कारण अस्वलाचे पुढचे पाय आखूड, म्हणून ते चढावर वाऱ्यासारखं जातं, पण उतारावर तोल जाऊन कोलमडतं. शिवाय खाली पळताना त्याच्या डोक्यावरचे केस डोळ्यांवर येतात आणि त्याला काही दिसत नाही. असं सगळे म्हणत.

हे त्यांना कुणी सांगितलं? अस्वलानं नाही. हे त्यांना एका खेळानं शिकवलं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव टेकडीच्या उतारावर जमायचं. एका घराण्याकडे अस्वल होण्याचा मान होता. त्या घरातला कर्ता पुरुष काळी घोंगडी पांघरायचा, दोन्ही हात जमिनीला टेकायचा आणि गुरगुरत पोरांच्या मागे लागायचा. चढावर पोरं दमायची आणि तो त्यांना पकडायचा. मग पोरं खाली पळायची. घोंगडीवाला चार पायांवर खाली धावायला जायचा, त्याचे हात मुडपायचे, घोंगडी डोळ्यांवर यायची आणि तो गडगडत खाली जायचा. पोरं टाळ्या पिटायची, म्हातारी माणसं हसून डोळे पुसायची. मग पाटील उठून म्हणायचा, पाहिलंत ना सगळ्यांनी? आणि सगळं गाव म्हणायचं, पाहिलं.

माणूस चार पायांवर उतारावर धावला तर पडणारच. त्याचे हात पायांपेक्षा आखूड असतात आणि तो जन्मभर दोन पायांवर चाललेला असतो. पण त्या गावात पिढ्यान् पिढ्या कुणाच्या मनात आलं नाही की आपण अस्वल पाहत नसून घोंगडीतला माणूस पाहतो आहोत.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. भोळेपणावर रागवायचं नसतं. पण तसं नव्हतं.

रानात अस्वल दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी धरायचं. आता शिकवण तर खरी, मग माणूस सापडला कसा? गावानं याचंही उत्तर काढून ठेवलं होतं. तो चुकून वर पळाला असणार. पाटील चावडीत बसून तसा निवाडा द्यायचा. ज्याला रानाची रीत पाळता येत नाही त्याच्या घराला रानाचा हक्क नाही, असं म्हणून त्या घराची झाडं काढून दुसऱ्याला द्यायचा. मेलेला माणूस उठून सांगायला येत नव्हता. जो वाचायचा तो जखमांनी आणि लाजेनं अर्धा झालेला असायचा, पाटील म्हणेल त्याला मान हलवून मोकळा व्हायचा. अशी तेवीस माणसं झाली. तेवीस जण वर पळाले, असं गाव म्हणत राहिलं. त्यातल्या एकालाही कुणी नीट विचारलं नव्हतं.

चोविसावा सुकरू. सुकरू हा अंगानं दणकट आणि स्वभावानं गरीब माणूस. त्याला आणि त्याच्या बायकोला, बुधीला, घळीच्या तोंडाशी दोन झाडं होती. माघ संपत आला तसा तो झाडांखालचा पालापाचोळा झाडायला गेला, म्हणजे फुलं गळतील तेव्हा स्वच्छ जमिनीवर पडतील. झुडपाआड एक अस्वलीण वारूळ उकरत होती. तिनं त्याला पाहिलं नव्हतं, त्यानं तिला पाहिलं नव्हतं. पाला खसकन वाजला आणि दोघंही दचकले.

सुकरू खाली पळाला. लहानपणी टाळ्या पिटत शिकला होता तसाच, पायांत होतं नव्हतं तेवढं बळ लावून तो घळीकडे पळाला. वीस-पंचवीस पावलांत अस्वलिणीनं त्याला गाठलं. त्याचा एक डोळा गेला, गालाचं मांस लोंबलं, खांदा फाटला. तो तसाच सरपटत घरी आला आणि बुधीनं त्याला वाचवलं.

आठव्या दिवशी त्याला चावडीत बोलावलं. तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून गेला. पाटलानं नेहमीसारखं विचारलं, वर पळालास ना?

"खालीच पळालो जी," सुकरू म्हणाला.

चावडीत कुणीतरी हसलं. पाटलानं घोंगडीवाल्याकडे पाहिलं. घोंगडीवाला शहाण्यासारखा म्हणाला की भीतीनं माणसाला वर कुठलं आणि खाली कुठलं ते उमगत नाही, बिचाऱ्याचा दोष नाही. सुकरूनं पुन्हा तेच सांगितलं आणि म्हणाला, की सोबत येऊन माझं रक्त कुठून कुठे सांडलंय ते बघा. झाडांपासून खालीच सांडलेलं दिसेल. त्यावर पाटील म्हणाला की रक्त तर खालीच ओघळतं. सगळ्यांना हे उत्तर फार आवडलं.

पाटील स्वतःला दयाळू समजायचा. त्यानं सुकरूला मुदत दिली. होळीच्या दुसऱ्या दिवशी, खेळाच्या वेळी, सगळ्या गावासमोर सुकरूनं म्हणायचं की मी वर पळालो, माझी चूक झाली. मग झाडं त्याचीच राहतील. नाही म्हटलं तर झाडं जातील. होळीला पंधरा दिवस होते.

घरी आल्यावर सुकरू म्हणाला, म्हणून टाकतो. एक वाक्य तर आहे. दोन झाडं गेली तर वर्षभर खायचं काय? बुधीनं त्याच्या गालावरची पट्टी सोडली, हळद बदलली, पुन्हा बांधली.

"तुम्ही तसं म्हणाल तर झाडं राहतील," ती शेवटी म्हणाली. "पण पुढच्या वेळी कुणाचं तरी लेकरू तुमचा शब्द धरून खाली पळेल. मग ते तुमच्या नावावर."

दुसऱ्या दिवसापासून ती घळीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसू लागली. तिथे एक उंच सपाट खडक होता आणि समोरचा सगळा उतार त्यावरून दिसत असे. उन्हं वर आली की ती जायची आणि उन्हं कलली की परतायची. गावातल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याचं तोंड फाटलं आणि हिचं डोकं फिरलं.

नऊ दिवस तिनं अस्वलं पाहिली. खऱ्या अस्वलाकडे इतका वेळ बघत बसलेलं त्या गावातलं ते पहिलंच माणूस.

तिनं पाहिलं की अस्वल चालताना पंजे आत वळवून, अख्खा तळवा जमिनीला टेकवत चालतं. ते डुलत डुलत चालतं, म्हणून आळशी वाटतं. पण तो तळवा सुट्या दगडांवरही घसरत नाही, कारण पुढची लांब नखं आधी जमिनीत रुततात. चढावर ते खांद्याच्या जोरानं जातं, हे गाव म्हणायचं ते खरं होतं. पण उतारावर? उतारावर ते मान खाली घालतं, पाठीची कमान करतं, चारी पाय एकत्र आणतं आणि झोकून देतं. जिथे मुरूम सुटा असेल तिथे ते ढुंगणावर हातभर घसरत जातं आणि तसंच उठून पुन्हा पळतं. एका नर अस्वलाला दुसऱ्यानं हुसकलं तेव्हा ते वरच्या मोहापासून पाण्यापर्यंत इतक्या थोड्या वेळात पोचलं, की बुधीनं घेतलेला श्वास सोडायचा राहून गेला. डोळ्यांवर केस आले नाहीत. येणार कुठून? अस्वलाचे लांब केस मानेवर आणि खांद्यांवर असतात, तोंडावर आखूडच असतात.

नवव्या दिवशी तीच अस्वलीण दोन पिलांना पाठीवर घेऊन पलीकडून आली आणि खडकाच्या खाली उभी राहिली. बुधी हलली नाही.

"तू रोज इथं बसतेस," अस्वलीण म्हणाली. "तुले पळायचं नाही का?"

"पळून काय होते ते घरी पाहून राहिली आहे," बुधी म्हणाली. "माझ्या माणसाचा डोळा तूच नेलास."

अस्वलिणीनं नाक वर करून वास घेतला. तिला दूरचं नीट दिसत नव्हतं, पण वास ओळखीचा होता.

"मग मले एक सांग," ती म्हणाली. "तुमची माणसं माझ्याच वाटेनं काहून पळतात? मी दचकते तेव्हा मी घराकडे पळते. माझं घर खाली आहे. लेकरं खाली आहेत. मी पळून राहते आणि हा मधातच माझ्यासमोर, माझ्या लेकरांकडे पळत सुटतो. मी काय समजावं? हा भ्याला, असं समजावं, की हा माझी पिलं न्यायला चालला, असं?"

बुधीला आता कळलं. तेवीस माणसं आणि चोविसावा तिचा नवरा, सगळे जीव घेऊन पळाले होते, आणि पळाले ते थेट पिलांच्या दिशेनं. त्यांना गावानं त्या दिशेला पळवलं होतं.

तिनं विचारलं, मग आम्ही काय करावं? अस्वलीण म्हणाली की मला ऐकू येईल असं बोलत या, काठ्या वाजवत या, म्हणजे मी आधीच निघून जाईन. आणि गाठ पडलीच तर खाली पळू नका, वरही पळू नका. उतारावर आडवे सरका आणि माझी वाट मोकळी सोडा. एवढं बोलून ती पिलं घेऊन घळीत उतरली. कशी उतरली ते बुधीनं पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.

ती तशीच पाटलाच्या दारात गेली. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली की माझ्यावर विश्वास ठेवू नका, फक्त उद्या खडकावर चला आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. चार घटकांचं काम आहे.

पाटील म्हणाला, बघायचं काय त्यात? आम्ही दरवर्षी बघतो.

तिनं घोंगडीवाल्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्याच्या घराला खेळाच्या मानापायी प्रत्येक घरातून टोपलीभर फुलं मिळत, त्यामुळे त्याच्या घरचं कुणी सात पिढ्यांत रानात गेलं नव्हतं. गावाला अस्वल शिकवणाऱ्या माणसानं अस्वल कधी पाहिलंच नव्हतं. हे त्यानं लपवलंही नाही. उलट त्याला त्यात मोठेपणा वाटत होता. सांगा, अशा माणसाला काय म्हणावं?

होळी झाली. दुसऱ्या दिवशी टेकडीवर गाव जमलं. घोंगडीवाला गडगडला, पोरं हसली, पाटलानं विचारलं आणि गावानं पाहिलं म्हणून सांगितलं. मग सुकरूला उभं केलं. त्याचा उरलेला डोळा जमिनीकडे होता. बुधी गर्दीत होती आणि तिला खरोखर ठाऊक नव्हतं की तो काय म्हणेल.

"मी खाली पळालो," सुकरू म्हणाला. "तुम्हीच शिकवलं होतं."

झाडं गेली. कुणाला दिली? पाटलाच्या लेकीला. ती नवरा वारल्यावर माहेरी परत आली होती, तिला झाडं नव्हती आणि पाटलाला तिची काळजी होती. काळजी असणं चूक नाही. पण ती दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून पुरवायची, हे कुठल्या रीतीत बसतं?

चैत्र लागला तेव्हा बुधी आपणहून पाटलाच्या लेकीकडे गेली. मी असतो तर गेलो नसतो. तिनं अस्वलीण कुठे राहते ते सांगितलं, काठी वाजवत जा म्हणाली, खाली पळू नकोस म्हणाली. पाटलाच्या लेकीनं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती. पण लहानपणापासून तिनं बापाच्या शेजारी बसून खेळ पाहिला होता, आणि बापावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिला खाटेवर घालून गावात आणलं. हात कोपरापासून चिरलेला, डोक्याची कातडी सुटलेली, पण जीव होता आणि शुद्ध होती. तिनं खाट घरी नेऊ दिली नाही. चावडीत न्या म्हणाली. गाव मागोमाग आलं. पाटील धावत आला, त्यानं लेकीला पाहिलं. तो तिच्या उशाशी बसला, तिचा धड हात हातात घेतला. त्या वेळी तो नुसता बाप होता, आणि तसाच राहिला असता तर ही गोष्ट मी वेगळ्या आवाजात सांगितली असती.

"बाबा," ती म्हणाली, "मी खालीच पळाले."

सगळे पाटलाकडे पाहत होते. तो काय विचार करत होता ते मला सांगता येतं. लेक खरं बोलते म्हटलं, की सुकरू खरा ठरतो. सुकरू खरा ठरला, की त्याच्या आधीचे तेवीस उठून उभे राहतात. त्यांची झाडं, त्यांची लाज, त्यांच्या पोरांनी ऐकलेले टोमणे, सगळ्यांचा जाब द्यावा लागतो. आणि पाटलाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जाब मागायची सवय असते, द्यायची नसते.

त्यानं लेकीचा हात खाली ठेवला.

"नाही, पोरी," तो म्हणाला. "तू वर पळालीस. भीतीनं तुला उमगलं नाही."

लेक रडली नाही, भांडलीही नाही. तिनं मान वळवली आणि गर्दीत बुधी कुठे आहे ते शोधलं.

"मला तुझ्या घरी ने," ती म्हणाली.

चार बायका पुढे झाल्या आणि त्यांनी खाट उचलली. पाटील म्हणाला, थांबा, माझी लेक आहे. बायका थांबल्या नाहीत. ज्या बायका महिन्यापूर्वी बुधीचं डोकं फिरलं म्हणत होत्या, त्याच या. त्यांनाही मी माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी खाट नीट धरली होती.

दुसऱ्या सकाळी गाव रानात गेलं ते एकत्र, मोठमोठ्यानं बोलत, काठ्या वाजवत. पुढे एका डोळ्याचा सुकरू होता आणि तो कुठे आडवं सरकायचं, कुठली वाट मोकळी सोडायची ते दाखवत होता. पालापाचोळ्यात काहीतरी काळं हललं, घळीकडे धावलं आणि कपारीत नाहीसं झालं. उतारावरून ते ज्या वेगानं गेलं तो सगळ्यांनी पाहिला.

सुकरूची दोन झाडं सुकरूनं वेचली. बाकीच्या तेवीस घरांनी आपापली झाडं वेचली. ज्यांना ती दिलेली होती त्यांनी आपली टोपली उचलून बाजूला नेली. यासाठी चावडीत कुणी गेलं नाही. घोंगडीवालाही त्या दिवशी मागे मागे आला होता. घरी जाऊन त्यानं घोंगडी अंथरायला काढली, ती पुन्हा कधी पांघरली नाही. म्हणजे पाहून शहाणं होणं त्या गावात जमत होतं, फक्त जायची इच्छा हवी होती.

पाटील रानात गेला नाही. तो चावडीतच बसत राहिला. निवाड्यासाठी कुणी येईना, तरी बसत राहिला. लेक दोन आळ्या पलीकडे बुधीच्या घरी राहत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तिच्या हाताची चौकशी करायचा, जखम भरली का विचारायचा. तिच्या दारात जाऊन एकच वाक्य म्हणायचं होतं, की तू खाली पळालीस. ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. म्हातारा झाला, खाटेला खिळला, तरी निघालं नाही. त्याचा शेवट जवळ आला तेव्हा लेक त्याला पाणी पाजायला आली, पण तोवर त्याची वाचा बसली होती.

बोध एवढाच: जी शिकवण चुकल्यावर जखमी माणसालाच खोटं ठरवते, ती पाळू नये, आणि जो ती तपासायला नकार देतो त्याला न्यायाला बसवू नये.